कंट्री संगीत: गाणं बदललं, की गाण्याचा मालक?

रानवारा (धागाकर्ता)

कंट्री म्हणजे अमेरिकेच्या दक्षिणेतल्या खेड्यांतून वाढलेलं संगीत, आणि टेनेसी राज्यातलं नॅशव्हिल शहर हे त्याचं केंद्र. १९७५ मध्ये नॅशव्हिलला कंट्री म्युझिक असोसिएशनच्या पुरस्कार सोहळ्यात कंट्री गायक चार्ली रिच वर्षातल्या सर्वोत्तम कलाकाराचं नाव जाहीर करायला उभा राहिला. पाकीट उघडलं, आत पॉपकडे झुकलेल्या जॉन डेन्व्हरचं नाव होतं. रिचनं लायटर काढला आणि तो कागद मंचावरच पेटवला. त्याच्या मनात नेमकं काय होतं यावर अजून वाद होतात, पण बघणाऱ्यांपैकी अनेकांनी अर्थ एकच लावला: डेन्व्हर आपल्यातला नाही. मला यात वेगळंच काही दिसतं. खुद्द चार्ली रिचची गाजलेली गाणी व्हायोलिनच्या ताफ्यावर आणि मऊ कोरसवर उभी होती. वीस वर्षं आधी त्याच गाण्यांना जुन्या जाणत्यांनी 'हे कसलं कंट्री' म्हणून नाक मुरडलं असतं.

'आता ते पूर्वीसारखं राहिलं नाही' ही तक्रार या संगीताच्या पाचवीलाच पुजलेली आहे. बरीच वर्षं हे संगीत ऐकून आणि त्याबद्दल मिळेल ते वाचून माझं एक मत झालं आहे. ते इथे मांडतो, तुम्ही ते तपासा. कंट्रीचा आवाज बदलण्याआधी दर वेळी त्यातल्या पैशाची वाट बदललेली असते. आवड बदलते ती त्यानंतर.

सुरुवातच बघा. १९२७ च्या जुलै-ऑगस्टमध्ये व्हिक्टर कंपनीसाठी राल्फ पीअर टेनेसी आणि व्हर्जिनिया या राज्यांच्या सीमेवरच्या ब्रिस्टल गावी आला. राज्यांची हद्द गावाच्या मुख्य रस्त्याच्या मधून जाते. तिथे टोप्यांच्या एका कंपनीच्या जुन्या इमारतीत त्यानं रेकॉर्डिंगचं सामान मांडलं. डोंगराळ व्हर्जिनियातून कार्टर कुटुंब आलं: ए. पी. कार्टर, त्याची बायको सॅरा आणि तेव्हा गरोदर असलेली मेबेल. रेल्वेत काम केलेला आणि क्षयानं पोखरलेला जिमी रॉजर्सही आला. गाण्यामागे ५० डॉलर रोख. त्या भागातल्या माणसाला ही रक्कम स्वप्नवत होती. पण पीअरचं डोकं पुढे चालत होतं. त्यानं व्हिक्टरकडे पगाराचा आग्रह धरला नाही, गाण्यांच्या प्रकाशनाचे हक्क मागितले. त्यामुळे त्याला अशी गाणी हवी होती ज्यांवर कुणाचं तरी नाव घालता येईल. मग ए. पी. कार्टर डोंगरदऱ्यांतून फिरून म्हातारी माणसं गाठायचा, गाणी गोळा करायचा, त्यांत फेरफार करायचा, आणि ती त्याच्या नावावर नोंदली जायची. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांना मालक नव्हता अशी गाणी एकदम मिळकत झाली. लोकगीत आणि 'कंट्री' यांच्यात फरक कुठे पडला असं कुणी विचारलं तर मी याच ठिकाणी बोट ठेवीन.

दुसरी वाट रेडिओची. ग्रँड ओल ऑप्री हा कार्यक्रम १९२५ मध्ये नॅशव्हिलच्या डब्ल्यूएसएम केंद्रावर सुरू झाला. हे केंद्र नॅशनल लाइफ अँड अ‍ॅक्सिडेंट या विमा कंपनीचं. केंद्राच्या नावातली तीन अक्षरं कंपनीच्या 'वी शील्ड मिलियन्स' या घोषवाक्यातून घेतली होती. शनिवारी रात्री लोकांनी रेडिओवर फिडल (लोकशैलीत वाजवलेलं व्हायोलिन) ऐकायचं आणि सोमवारी विमा एजंटनं त्यांचं दार ठोठवायचं, असा तो हिशेब. १९३२ मध्ये केंद्राची ताकद ५०,००० वॉट झाली आणि रात्री त्याचा आवाज अर्ध्या अमेरिकेत पोचू लागला. घरादारांत जायचं म्हटल्यावर गाणी, विनोद, कपडे, सगळं 'साध्या भोळ्या खेडुतांचं' दिसायला हवं होतं. नीटनेटक्या कपड्यांत वाजवणाऱ्या शहरी वादकांनाही फोटोसाठी शेतकऱ्यांचे कपडे घालायला लावले. खेडवळपणा ही तेव्हापासून विकायची वस्तू आहे.

मग १९५६ च्या सुमारास एल्विस आला, तरुण मंडळी तिकडे वळली आणि कंट्री वाजवणारी केंद्रं रोडावली. त्यावर ओवेन ब्रॅडली आणि चेट अ‍ॅटकिन्स या नॅशव्हिलच्या निर्मात्यांनी काढलेला तोडगा म्हणजे 'नॅशव्हिल साउंड'. फिडल आणि स्टील गिटार (आडवी ठेवून, तारांवर धातूचा तुकडा सरकवत वाजवायची गिटार) मागे सरली, व्हायोलिनचा समूह, पियानो आणि जॉर्डनेअर्ससारखा कोरस पुढे आला. शहरातल्या मोठ्या माणसांच्या रेडिओवर शिरायचं होतं. नॅशव्हिल साउंड म्हणजे काय असं विचारल्यावर अ‍ॅटकिन्सनं खिशातली नाणी खुळखुळवली, अशी गोष्ट सांगतात. पण याच पद्धतीत पॅट्सी क्लाइनचं 'क्रेझी' १९६१ मध्ये झालं, आणि त्या गाण्याला मी आयुष्यात कधी नावं ठेवणार नाही. पैशासाठी केलेलं संगीत वाईटच असतं, असं मला अजिबात म्हणायचं नाही.

पुढचं तुम्ही सांगा. रेडिओ कंपन्या, सीडी, स्ट्रीमिंग यांनी काय केलं? आणि आज हे गाणं नेमकं कुणाच्या ताब्यात आहे?

मंद्रसप्तक

धागा आवडला, पण एक मोठी गोष्ट राहिली. पैशाच्याही आधी यंत्र बदलतं.

१९२५ पर्यंत गायक कर्ण्यात तोंड घालून ओरडत. ज्याचा आवाज खणखणीत तोच रेकॉर्डवर उमटे. विजेवर चालणारा मायक्रोफोन आल्यावर हळू गाणं आणि हळू वाजवणं शक्य झालं. ब्रिस्टलला पीअरकडे हाच मायक्रोफोन होता. मेबेल कार्टर अंगठ्यानं गिटारच्या जाड तारांवर चाल वाजवायची आणि त्याच वेळी बोटांनी वरच्या तारांवर ठेका धरायची. ही करामत कर्ण्यातून ऐकूच आली नसती. त्याआधी अशा गाण्यात गिटार म्हणजे बहुतेक मागची साथ. मेबेलनं तिला बोलतं केलं आणि पुढच्या किती तरी पिढ्या तिच्याकडून शिकल्या. त्या रेकॉर्डवरचं चित्र तुम्ही सगळ्यांनी पाहिलेलं आहे: ग्रामोफोनसमोर कान टवकारून बसलेला कुत्रा. आपल्याकडे एचएमव्हीवर होता तोच.

स्टील गिटारचंही तसंच. ती मूळची हवाईची. १९१५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला भरलेल्या मोठ्या प्रदर्शनानंतर अमेरिकेला हवाईयन गिटारचं वेड लागलं, आणि तिथून ती कंट्रीत आली. तिला पायानं दाबायची पेडल जोडल्यावर तार वाजत असतानाच सूर वाकवता येऊ लागला. वेब पिअर्सच्या १९५४ मधल्या गाण्यात बड आयझॅक्सनं ते केलं आणि सगळे स्टीलवादक आपापल्या वाद्यांना पेडल बसवायला धावले. आज ज्या रडव्या सुराला लोक 'अस्सल कंट्री' म्हणतात तो तेव्हाचा ताजा शोध होता.

तीच हवाईयन गिटार आपल्याकडेही आली. हिंदी चित्रपटगीतांच्या धून वाजवणारे व्हॅन शिप्ले आणि हजारा सिंग आठवा. पुढे ब्रिजभूषण काबरांनी तिच्यावर राग वाजवले. त्यामुळे मींड ऐकलेल्या कानाला पेडल स्टील परकी वाटत नाही, असा माझा अनुभव आहे.

काजळमाया

रानवारा, लेख उत्तम आहे, पण एक अख्खी बाजू त्यात नाही. ती आल्याशिवाय 'मालक' या शब्दाला अर्थ नाही.

बँजो आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या माणसांनी घडवला. ए. पी. कार्टर गाणी गोळा करायला जायचा तेव्हा त्याच्याबरोबर बऱ्याचदा लेस्ली रिडल हा कृष्णवर्णीय गिटारवादक असायचा. कार्टर शब्द उतरवून घ्यायचा आणि रिडल चाल डोक्यात साठवायचा. नोंदणीत रिडलचं नाव नाही.

कंपन्यांनी १९२० च्या दशकात विक्रीच्या सोयीसाठी दोन याद्या केल्या. काळ्यांसाठी 'रेस रेकॉर्ड्स' आणि गोऱ्या खेडुतांसाठी 'हिलबिली'. गावात दोघं एकमेकांचं ऐकत होते, एकमेकांची गाणी वाजवत होते. दुकानात मात्र फळ्या वेगळ्या. १९४९ मध्ये संगीताच्या लोकप्रियतेच्या याद्या छापणाऱ्या बिलबोर्ड या नियतकालिकानं यादीचं नाव 'कंट्री अँड वेस्टर्न' केलं, फळी तीच राहिली.

आणि ऑप्री? डीफोर्ड बेली हा हार्मोनिका वाजवणारा कृष्णवर्णीय कलाकार तिच्या पहिल्या मोठ्या ताऱ्यांपैकी. हार्मोनिकावर तो धावती रेल्वे हुबेहूब उभी करायचा. १९२७ च्या डिसेंबरमध्ये निवेदक जॉर्ज हे यानं कार्यक्रमाला 'ग्रँड ओल ऑप्री' हे नाव दिलं, त्या रात्री बेली वाजवत होता. १९४१ मध्ये त्याला काढून टाकलं. निमित्त पुन्हा धंद्याचंच होतं: गाण्यांचे हक्क सांभाळणारी आस्कॅप ही संस्था आणि रेडिओ केंद्रं यांचं भांडण जुंपलं आणि बेलीची गाजलेली गाणी वाजवण्यावर बंदी आली. जॉर्ज हेनं लिहून ठेवलं की तो आळशी होता, नवीन शिकला नाही. बेलीनं नंतर नॅशव्हिलमध्ये बूटपॉलिशचं दुकान चालवलं. १९८२ मध्ये तो वारला. कंट्री म्युझिक हॉल ऑफ फेममध्ये त्याला घेतलं ते २००५ मध्ये. हे लिहिताना आजही माझा संताप होतो.

१९६६ मध्ये चार्ली प्राइडची पहिली गाणी आरसीए या रेकॉर्ड कंपनीनं रेडिओ केंद्रांना पाठवली ती फोटोशिवाय. आवाज आवडेपर्यंत रंग कळू द्यायचा नाही. पाच वर्षांनी तोच प्राइड वर्षातला सर्वोत्तम कलाकार ठरला. म्हणजे श्रोत्यांची तयारी होती. दारावरच्या माणसांची नव्हती.

वांद्रेकर

छान चर्चा. आमच्याकडे कंट्री म्हणजे जिम रीव्हज. वांद्र्याच्या गावठाणात वाढलेल्या माझ्या पिढीला दुसरं नाव माहीतच नव्हतं. ईस्ट इंडियन (मुंबईच्या मूळच्या ख्रिस्ती समाजाच्या) लग्नांत, नाताळात, रविवारच्या जेवणानंतर तोच लागायचा. गोव्यातही तेच, आणि शिलाँग, ऐझॉलला गेलात तर तिथेही. ३१ जुलै १९६४ रोजी त्याचं छोटं विमान नॅशव्हिलजवळ कोसळलं, तेव्हा तो ४० वर्षांचा होता. पण आमच्याकडे १९८० च्या दशकातही त्याची 'नवी' गाणी यायची. कंपनीजवळ रेकॉर्डिंगचा साठा होता, बायको मेरी रीव्हज जाणती होती, आणि दोघांनी ती गाणी वर्षानुवर्षं थोडी थोडी बाजारात आणली.

रानवारांचा मुद्दा इथे मला पटतो. आमच्यापर्यंत हँक विल्यम्ससारखा जुन्या वळणाचा कंट्री गायक पोचला नाही, रीव्हज पोचला. कारण त्याचा सूर मुद्दाम गुळगुळीत केला होता, इंग्रजी स्पष्ट होती, ठेका नाचायला सोपा होता. सुरुवातीला तो मोठ्यानं गायचा. मग मायक्रोफोनला जवळजवळ ओठ लावून हळू गाऊ लागला. अ‍ॅटकिन्सनं त्याला साथ दिली. नॅशव्हिलनं अमेरिकेतल्या शहरांसाठी केलेली ती तडजोड जगभर कामाला आली. ज्याला तिकडचे जाणकार पाणी घातलेलं कंट्री म्हणतात त्याच्यावर आमचं सगळं बालपण पोसलं आहे, आणि मी ते आजही तितक्याच प्रेमानं ऐकतो.

टेनेसीताई

नॅशव्हिलजवळ राहते, त्यामुळे गीतकारांची बाजू मांडते. इथल्या संगीताचा कणा तेच आहेत आणि बाहेर त्यांची नावं कुणाला माहीत नसतात.

म्युझिक रो म्हणजे एका बाजूला झाडं असलेल्या शांत रस्त्यांवरचे जुने बंगले. ओवेन ब्रॅडलीनं १९५० च्या दशकात तिथल्या एका घरात स्टुडिओ थाटला, मागच्या अंगणात लष्करी पत्र्याची अर्धगोल शेड उभारली, आणि त्याभोवती आळी वाढली. खाली प्रकाशकाचं ऑफिस, वर छोट्या खोल्या. सकाळी दहाला गीतकार येतात, दोघं-तिघं एका खोलीत बसतात, दुपारपर्यंत गाणं तयार. प्रकाशक त्यांना दरमहा उचल देतो आणि पुढच्या रॉयल्टीतून ती वळती करून घेतो.

ही व्यवस्था सीडीवर चालायची. एका सीडीत दहा-बारा गाणी. त्यातलं एकच रेडिओवर गाजायचं, पण प्रत विकली गेली की दहाही गाण्यांच्या गीतकारांना सारखाच दर मिळायचा. कुणाच्या लक्षातही नसलेलं आठव्या क्रमांकाचं गाणं लिहिणाऱ्या माणसाचं घर त्यावर चालायचं. तो दर कायद्यानं ठरतो. १९०९ पासून १९७७ पर्यंत तो २ सेंट होता, म्हणजे जवळजवळ सत्तर वर्षं एका पैशाची वाढ नाही! २००६ ते २०२२ तो ९.१ सेंटवर गोठला होता, २०२३ मध्ये १२ झाला. पण तोवर प्रती विकत घेणारेच उरले नव्हते. स्ट्रीमिंगमध्ये ज्याचं गाणं वाजतं त्यालाच पैसे, आणि तेही अपूर्णांकात. आठव्या गाण्याचा गीतकार संपला.

आमच्या ओळखीचे एक गृहस्थ आहेत, त्यांची गाणी मोठ्या गायकांच्या अल्बमांत आहेत. आता ते घरं रंगवायची कामं घेतात. गुरुवारी ब्लूबर्ड कॅफेत मात्र अजून गातात. १९८२ मध्ये सुरू झालेली ही जागा छोटीशी आहे, एका साध्या दुकानरांगेत. चार गीतकार मध्यभागी गोल करून बसतात आणि आपली गाणी स्वतः गातात. श्रोत्यांनी बोलायचं नाही असा नियम आहे. रेडिओवर शंभर वेळा ऐकलेलं गाणं ज्यानं लिहिलं त्याच्या तोंडून ऐकलं की वेगळंच कळतं.

म्युझिक रोची स्थिती बरी नाही. बंगले पाडून राहत्या इमारती होताहेत. २०१४ मध्ये आरसीएचा स्टुडिओ ए पाडायला निघाले होते, संगीतकारांनी आवाज उठवल्यामुळे वाचला. २०१९ मध्ये राष्ट्रीय वारसा जपणाऱ्या संस्थेनं अख्ख्या म्युझिक रोचंच नाव देशातल्या सर्वाधिक धोक्यातल्या ठिकाणांच्या यादीत घातलं.

अवांतर: इथले वादक स्वरलिपी वापरत नाहीत, आकडे वापरतात. पहिला, चौथा, पाचवा असे कॉर्ड आकड्यांनी लिहायचे, म्हणजे गायिकेनं आयत्या वेळी पट्टी बदलली तरी कागद तोच चालतो. जॉर्डनेअर्सपैकी नील मॅथ्यूज यांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीस ही पद्धत काढली. माझ्या मुलीनं हार्मोनियमवर सरगम शिकलेली, तिला ती पाहता पाहता जमली. सा कुठेही धरा, म पाचव्या जागी गेला तरी तो म-च.

मंद्रसप्तक

टेनेसीताई, म मध्यमच, पण त्यांच्या हिशेबात तो चौथा. :) बाकी प्रतिसाद अप्रतिम. हे असं आतून आलेलं कुठेच वाचायला मिळत नाही.

हक्कसोड

गीतकारांचा विषय निघाला म्हणून डॉली पार्टनबद्दल लिहितो.

१९७४ मध्ये तिचं 'आय विल ऑल्वेज लव्ह यू' कंट्रीच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं. गायक पोर्टर वॅगनरच्या टीव्ही कार्यक्रमातून बाहेर पडताना त्याच्यासाठी लिहिलेलं गाणं. एल्विसला ते गायचं होतं. डॉली हरखून गेली होती. रेकॉर्डिंगच्या आदल्या दिवशी एल्विसचे व्यवस्थापक कर्नल पार्कर यांचा निरोप आला: एल्विस जे गातो त्याच्या प्रकाशनहक्काचा निम्मा वाटा आमचा. डॉलीनं नकार दिला. तिनं अनेक मुलाखतींत सांगितलं आहे की त्या रात्री ती रडली. १९९२ मध्ये व्हिटनी ह्यूस्टननं तेच गाणं गायलं, ते जगभर गेलं, आणि गीतकार व प्रकाशक म्हणून येणारा पैसा पूर्ण डॉलीकडे आला. टेनेसीच्या डोंगरात एका खोलीच्या घरात बारा भावंडांत वाढलेल्या, तिशीही न ओलांडलेल्या बाईनं त्या काळच्या सगळ्यात मोठ्या गायकाला 'नाही' म्हणणं, याला काय छाती लागली असेल!

आपल्याकडे १९६० च्या दशकात लताबाईंनी गायकांना रॉयल्टी मिळावी म्हणून भूमिका घेतली. रफीसाहेबांना ते पटलं नाही आणि काही काळ दोघांनी एकत्र गाणं बंद केलं. चित्रपटातली गाणी लिहिणाऱ्या आणि चाली देणाऱ्यांना रॉयल्टीतला हिस्सा सोडून देता येणार नाही, अशी तरतूद आपल्या कायद्यात आली ती थेट २०१२ च्या दुरुस्तीत. तोवर बहुतेकांनी एकरकमी पैसे घेऊन सही केलेली. नॅशव्हिलमध्ये निदान गीतकार हा हक्कदार आहे हे तत्त्व १९४० च्या दशकापासून रुजलं होतं. १९४२ मध्ये रॉय अकफ आणि फ्रेड रोझ यांनी तिथे प्रकाशन कंपनी काढली आणि हँक विल्यम्ससारख्याची गाणी तिथे सांभाळली गेली. तो १९५३ च्या १ जानेवारीला, २९ व्या वर्षी मोटारीच्या मागच्या सीटवर गेला. गाणी कमावत राहिली.

तरंगलांबी

रेडिओबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो. माझ्या मते सर्वात मोठा घाव १९९६ चा.

त्या वर्षीच्या टेलिकम्युनिकेशन्स कायद्याआधी अमेरिकेत एका कंपनीला देशभरात जास्तीत जास्त ४० रेडिओ केंद्रं ठेवता यायची. कायद्यानं ती मर्यादाच उठवली. काही वर्षांत क्लिअर चॅनल या एका कंपनीकडे १,२०० हून जास्त केंद्रं गेली. पूर्वी गावातल्या केंद्रावरचा निवेदक स्थानिक पोराची रेकॉर्ड वाजवायचा, ती शेजारच्या गावात पोचायची. लोरेटा लिन आणि तिचा नवरा १९६० मध्ये गाडीनं केंद्राकेंद्रांवर जाऊन स्वतः रेकॉर्ड देत फिरले आणि त्यातून तिचं पहिलं गाणं चाललं. १९९६ नंतर गाण्यांची यादी मुख्यालयात ठरू लागली. दारं ठोठवायला उरलीच नाहीत.

२००३ च्या मार्चमध्ये लंडनच्या मंचावर डिक्सी चिक्सच्या नॅटली मेन्सनं इराक युद्धाच्या तोंडावर सांगितलं की अध्यक्ष बुश टेक्सासचे आहेत याची आम्हाला लाज वाटते. काही दिवसांत देशभरातल्या केंद्रांवरून त्यांची गाणी गायब. क्युम्युलस कंपनीनं आपल्या कंट्री केंद्रांवर त्यांना बंद केलं. २००७ मध्ये त्याच बँडला पाच ग्रॅमी मिळाल्या, रेडिओ मात्र बंदच. मालक शेकडो असते तर कुणी बंदी घातली असती, कुणी मुद्दाम वाजवलं असतं.

बायकांचं तर बोलायलाच नको. २०१५ मध्ये कीथ हिल या रेडिओ सल्लागारानं एका व्यावसायिक पत्राला सांगितलं की कंट्री केंद्रांवर बायका म्हणजे सॅलडमधले टोमॅटो, मुख्य पाला पुरुषांचा, आणि दोन गायिका लागोपाठ लावू नका. १९९० च्या दशकात रीबा मॅकेंटायर, शनाया ट्वेन, फेथ हिल यांनी ज्या रेडिओवर राज्य केलं त्याच रेडिओबद्दल हे बोलणं. श्रोते बदलले नव्हते.

मोजणी बदलली तरी संगीत बदलतं. १९९१ च्या मे महिन्यापर्यंत बिलबोर्डची अल्बमयादी दुकानदारांना फोन करून व्हायची. मग बारकोडवर मोजणी सुरू झाली आणि त्याच सप्टेंबरात गार्थ ब्रुक्सचा अल्बम सर्व प्रकारच्या संगीतात थेट पहिल्या क्रमांकावर आला. कंट्रीत असं पहिल्यांदाच घडलं. उपनगरांतल्या मोठ्या दुकानांत कंट्री इतकं विकलं जातं हे तोवर कुणी मोजलंच नव्हतं. मग सगळ्या कंपन्या नॅशव्हिलकडे धावल्या.

झुळूक

मी इथल्या बहुतेकांपेक्षा लहान आहे, आणि मला वाटतं तुम्ही सगळे स्ट्रीमिंगला फारच काळ्या रंगात रंगवताय.

झॅक ब्रायन अमेरिकी नौदलात होता. नोकरी करता करता फोनवर गाणी रेकॉर्ड करून यूट्यूबवर टाकायचा. रेडिओनं त्याला विचारलंही नसतं. आज तो स्टेडियम भरवतो. २०२३ च्या ऑगस्टमध्ये व्हर्जिनियातल्या ऑलिव्हर अँथनीनं जंगलात उभं राहून गायलेलं एक गाणं सगळ्या संगीताच्या मुख्य यादीत थेट पहिलं आलं. त्याआधी त्याचं कुठल्याच यादीत नाव नव्हतं. तरंगलांबी, तुम्ही सांगितलेला सल्लागार यांना अडवू शकला असता का?

काजळमाया, तुमच्या मुद्द्यालाही हे लागू होतं. २०१९ मध्ये कृष्णवर्णीय रॅपर लिल नॅस एक्सचं 'ओल्ड टाउन रोड' बिलबोर्डनं कंट्रीच्या यादीतून काढलं, पुरेसं कंट्री नाही म्हणून. तेच गाणं मुख्य यादीत १९ आठवडे पहिलं राहिलं. २०२४ मध्ये शबूझी या कृष्णवर्णीय गायकाच्या गाण्यानं त्याची बरोबरी केली, आणि त्याला कंट्रीच्या यादीतही जागा होती. त्याच वर्षी बियॉन्से कंट्रीच्या यादीत पहिल्या क्रमांकावर जाणारी पहिली कृष्णवर्णीय स्त्री ठरली. त्या गाण्यात बँजो रायनन गिडन्स या कृष्णवर्णीय वादिकेचा आहे. अल्बममध्ये लिंडा मार्टेलचा आवाज आहे, जी १९६९ मध्ये ऑप्रीत एकटीनं गाणारी पहिली कृष्णवर्णीय स्त्री होती आणि नंतर जिला या धंद्यानं विसरून टाकलं. माझ्या वयाच्या किती जणींनी त्यानंतर मार्टेल शोधून ऐकली!

मला तर ट्रेसी चॅपमनचा प्रसंग सगळ्यात मोठा वाटतो. तिचं १९८८ चं 'फास्ट कार' कंट्री गायक ल्यूक कोम्ब्सनं २०२३ मध्ये जसंच्या तसं गायलं आणि तिला कंट्री म्युझिक असोसिएशनचा त्या वर्षीच्या सर्वोत्तम गीताचा पुरस्कार मिळाला. तो मिळवणारी ती पहिली कृष्णवर्णीय गीतकार. पुढच्या फेब्रुवारीत ग्रॅमीच्या मंचावर दोघं एकत्र गायले. तो व्हिडिओ नक्की बघा.

काजळमाया

झुळूक, मार्टेलचा उल्लेख वाचून फार बरं वाटलं. तरी एक विचारते. २०२४ च्या कंट्री म्युझिक असोसिएशनच्या पुरस्कारांत बियॉन्सेला एकही नामांकन नव्हतं, आणि २०२५ मध्ये ग्रॅमीनं त्याच अल्बमला सर्वोत्तम कंट्री अल्बम ठरवलं. यादीतला क्रमांक श्रोते देतात. संस्थेतली जागा कोण देतं? बेलीच्या वेळी हाच प्रश्न होता.

रानवारा

सगळ्यांचे मनापासून आभार. माझ्या लेखापेक्षा प्रतिसाद मोलाचे आहेत. काजळमाया, रिडल आणि बेली यांच्याशिवाय हा इतिहास अपुराच आहे.

झुळूक, दार मोठं झालं हे मान्य. पण दार मोठं झालं की आतलं घरही बदलतं. स्पॉटिफायवर ३० सेकंद ऐकलं की एक वाजवणं धरतात. त्यामुळे गाण्याआधीचा स्टीलचा सावकाश तुकडा गेला, गायक लगेच सुरू होतो. अल्बममध्ये जितकी गाणी जास्त तितकी वाजवणी जास्त, म्हणून मॉर्गन वॉलनच्या २०२३ च्या अल्बममध्ये ३६ गाणी आहेत. तुमच्या झॅक ब्रायनच्या २०२२ च्या अल्बममध्येही ३४. त्यातली बरीच मला आवडतात. पण दहा गाण्यांची निवड करताना जी कठोरपणे पारख व्हायची, ती या व्यवस्थेत कुणाच्याच फायद्याची नाही.

एक राहिलं होतं, ते इथे लिहितो. मधे एकदा कलाकारांनी स्वतः ताबा मिळवला होता. १९७२ मध्ये वेलन जेनिंग्सनं आरसीएशी नवा करार करताना पैशाबरोबर एक गोष्ट मागितली: वादक मी निवडणार, रेकॉर्डिंग मी म्हणीन तसं. तोवर नॅशव्हिलमध्ये कंपनीचे ठरलेले वादक, कंपनीचा स्टुडिओ, तीन तासांत तीन-चार गाणी. विली नेल्सननं १९७५ मध्ये जवळजवळ नुसत्या गिटारवर केलेला अल्बम कंपनीला कच्चा वाटला होता, करारामुळे तो तसाच काढावा लागला आणि लाखोंनी खपला. १९७६ मध्ये या दोघांच्या आणि साथीदारांच्या एकत्रित अल्बमच्या दहा लाख प्रती गेल्या. अधिकृतपणे प्लॅटिनम ठरलेला तो पहिला कंट्री अल्बम. कंट्रीतलं मला सर्वात प्रिय संगीत याच चार-पाच वर्षांतलं आहे, आणि ते करारातल्या एका कलमामुळे झालं.

तरंगलांबी

+१. टेलर स्विफ्टनं २०२१ पासून आपले जुने अल्बम पुन्हा रेकॉर्ड केले आणि २०२५ मध्ये मूळ रेकॉर्डिंग विकत घेतली, ते याच्या पुढचं पाऊल म्हणायला हवं. तीही नॅशव्हिलमध्येच घडली. मात्र तिच्याइतकी ताकद किती जणांकडे असते?

टेनेसीताई

गीतकारांकडे तर नाहीच. पण एक चांगली बातमी सांगते. २०१८ च्या म्युझिक मॉडर्नायझेशन कायद्यानं स्ट्रीमिंगची यांत्रिक रॉयल्टी (गाण्याच्या प्रतीमागे किंवा वाजवण्यामागे गीतकार-प्रकाशकाला मिळणारा पैसा) गोळा करून वाटायला एक संस्था स्थापन झाली. २०२१ पासून ती काम करते आणि तिचं ऑफिस नॅशव्हिललाच आहे. सुरुवातीलाच स्ट्रीमिंग कंपन्यांना, ज्यांचे हक्कदार सापडले नव्हते अशा गाण्यांचे तुंबलेले ४२.४ कोटी डॉलर तिच्याकडे द्यावे लागले. गाणं कुणाचं हे कंपन्यांकडे नीट नोंदलेलंच नव्हतं, म्हणून पैसे पडून होते.

मी वर लिहिलेल्या गृहस्थांना नोंदणी करायला माझ्या मुलीनं मदत केली. प्रत्येक गाण्याचं नाव, सहगीतकारांचे वाटे, कोणत्या रेकॉर्डिंगमध्ये कुणी गायलं, सगळं शोधून भरावं लागतं आणि ते किचकट आहे. तुमच्यापैकी कुणाची स्वतःची गाणी अमेरिकेत स्ट्रीमिंगवर असतील, मराठी का असेनात, तर हे जरूर करा. सभासद होण्याला पैसे लागत नाहीत. अडलं तर इथेच विचारा, आम्हाला जे कळलं ते सांगू.